वाचकाची साक्ष आणि तिची उलटतपासणी

मराठीत वाचलेल्या पुस्तकांबद्दल लिहिणारे वाचक आज जितके आहेत तितके पूर्वी कधी नव्हते. त्यांच्याविषयीचा वाद मात्र फार सवंग पातळीवर चालला आहे. एक पक्ष म्हणतो, जो उठतो तो कादंबरीवर चार ओळी लिहितो, संकेतस्थळावर एक ते पाच तारे वाटतो, आणि त्यामुळे समीक्षा मेली. दुसरा पक्ष म्हणतो, पुस्तक वाचकासाठीच असतं, वाचकाला जे वाटलं ते वाटलं, त्यावर बोलणारे तुम्ही कोण? दोन्ही पक्ष एक गोष्ट न तपासताच गृहीत धरतात, ती म्हणजे ‘वाटणं’ तपासता येत नाही. म्हणून पहिल्यांना ते टाकाऊ वाटतं आणि म्हणूनच दुसऱ्यांना ते सोवळ्यातलं वाटतं. माझं म्हणणं असं की हे गृहीतकच खोटं आहे. वाचकाची प्रतिक्रिया ही एक साक्ष असते. साक्षीदार विद्वान असावा लागत नाही. पण तो कुठे उभा होता, त्याने नेमकं काय पाहिलं, आणि पाहिलेलं कुठे संपलं व त्याचा अंदाज कुठे सुरू झाला, हे त्याला सांगता यावं लागतं. एवढं सांगणारी प्रतिक्रिया शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाची असली तरी अभ्यासकाने ती जपून ठेवावी. एवढंही न सांगणारी प्रतिक्रिया प्राध्यापकाची असली तरी तिचा कुणाला उपयोग नाही.

समीक्षा वाचकांनी मारली हा आरोप आधी निकालात काढू. ‘सत्यकथा’ हे वाङ्मयीन मासिक बंद पडलं १९८२ साली. तेव्हा तारे द्यायला कुणाच्या हातात फोन नव्हता. वर्तमानपत्रांतलं पुस्तक-परीक्षण आक्रसत तीन-चारशे शब्दांवर आलं, त्यातले अडीचशे कथानक सांगण्यात आणि उरलेले मुखपृष्ठकाराचं कौतुक करण्यात जाऊ लागले, याला संपादकांची गणितं कारणीभूत आहेत आणि ‘अभिप्रायार्थ’ शिक्का मारलेली प्रत ज्याच्या हाती पडते तो बहुधा लेखकाच्या ओळखीतलाच असतो, हेही कारण आहे. छापील परीक्षणांतलं ‘मराठी साहित्यात मोलाची भर’ आणि आजच्या वाचकाचं ‘अप्रतिम, एका बैठकीत संपवलं’ यांत मला जातीचा फरक दिसत नाही. दोन्ही वाक्यं पुस्तक न उघडता लिहिता येतात.

तरीही अभ्यासकांच्या बाजूला एक भक्कम पुरावा आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२०च्या दशकात केंब्रिजमधल्या विद्यार्थ्यांना कविता वाटल्या, कवींची नावं काढून टाकली आणि प्रत्येकाकडून लेखी प्रतिक्रिया घेतल्या. तेरा कविता आणि त्यांवरच्या प्रतिक्रियांचे उतारे त्यांनी १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या पुस्तकात छापले. चित्र विदारक होतं. कित्येकांना कवितेचा सरळ वाच्यार्थच लागलेला नव्हता. एखाद्या ओळीने स्वतःच्या आयुष्यातली आठवण जागी झाली की पुढची सगळी प्रतिक्रिया त्या आठवणीबद्दलच. धर्म, देश, मृत्यू असे विषय दिसताच आधीपासून तयार असलेल्या भावना बाहेर पडत. मोठमोठे कवी नापास झाले आणि आज कुणाला आठवणार नाहीत अशांच्या कविता आवडल्या. मग ‘वाचकाला जे वाटलं ते’ याला किती किंमत द्यायची?

हा प्रश्न पश्चिमेने शोधला असंही नाही. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी ‘अभिनवभारती’ या नाट्यशास्त्रावरच्या टीकेत रसाच्या, म्हणजे कलेच्या आस्वादाच्या, वाटेतली सात विघ्नं सांगितली. त्यांतलं एक ‘निजसुखादिविवशीभाव’: प्रेक्षक आपल्याच सुखदुःखात इतका बुडालेला की समोरची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दुसरं, समोरचं सुखदुःख हे माझंच आहे किंवा अमक्या परक्याचंच आहे अशी गाठ मारून बसणं. यांतून प्रेक्षकाला सोडवायला नाटकाजवळ गीत असतं, वाद्यं असतात, सजवलेला रंगमंडप असतो, शेजारी हजार माणसं बसलेली असतात. कादंबरी वाचणाऱ्याजवळ यांतलं काहीही नसतं. तो दिवसभराच्या कटकटी डोक्यात घेऊन लोकलमध्ये उभा असतो. म्हणजे हे विघ्न दूर करण्याची जबाबदारी आता एकट्या वाचकावर आहे, आणि ही जबाबदारी असते हे त्याला कुणी सांगितलेलंही नसतं.

पण रिचर्ड्सच्या प्रयोगातून जो निष्कर्ष काढला जातो तो उलटा आहे. त्याचे वाचक कोण होते? बाजारातला कारकून किंवा कोळशाच्या खाणीतला मजूर नव्हे. ते केंब्रिजचे विद्यार्थी होते, त्यांतले बरेचसे साहित्याचेच. चुका शिकलेल्यांनी केल्या. तेव्हा प्रयोगाने सामान्य वाचक नालायक ठरत नाही. ठरतं ते एवढंच की वाचनातल्या चुका ठराविक जातींच्या असतात, त्यांना नावं देता येतात, त्या ओळखता येतात. रिचर्ड्सने दहाएक प्रकार मोजले, अभिनवगुप्ताने सात. जी चूक ओळखता येते ती दुरुस्तही करता येते. १९४९ साली विम्सट आणि बिअर्ड्स्ली या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एका निबंधात कविता आणि कवितेचा परिणाम यांची गल्लत करू नये असं बजावलं, आणि त्यांचा तो निबंध वाचकाच्या भावनांना समीक्षेतून हद्दपार करायला आजही वापरला जातो. पण त्याच निबंधात त्यांनी हेही मान्य केलं आहे की भावनेचं वर्णन जितकं नेमकं होत जाईल तितकं ते त्या भावनेच्या कारणांचं, म्हणजे खुद्द कवितेचंच वर्णन होत जातं. सगळी वाट इथेच आहे. ‘हादरलो’ हे वाक्य पुस्तकाबद्दल काही सांगत नाही. ‘नवव्या प्रकरणापर्यंत ज्या निवेदकावर विश्वास ठेवला तो पान १४३ वर एका ओळीत खोटा पडतो आणि मागचं सगळं पुन्हा वाचावं लागतं’ हे वाक्य त्याच हादऱ्यातून आलेलं आहे, पण ते पुस्तकाबद्दल आहे आणि दुसरा माणूस पान १४३ उघडून ते ताडून पाहू शकतो.

आणि सामान्य वाचकाला गप्प बसवलं असतं तर मराठीचं काय गेलं असतं, याचंही उत्तर इतिहासात आहे. सुरतच्या एका तरुण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपाखाली शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर आग पाखडली गेली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात पाचशे प्रती छापल्या गेल्या, किंमत नऊ आणे. ताराबाईंचं पुस्तक समाजावरचा आसूड म्हणून आपण ओळखतो. ते एका वाचकाची प्रतिक्रियाही आहे हे सहसा कुणी सांगत नाही. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’, ‘मनोरमा’ अशा त्या काळच्या चलनातल्या कादंबऱ्या-नाटकांची नावं घेऊन, त्यांत बाई कशी रंगवली आहे आणि घराघरांत बाई प्रत्यक्षात कशी जगते हे त्या समोरासमोर मांडतात. कुठल्याही विद्यापीठाने त्यांना हा अधिकार दिला नव्हता. त्यांनी तो दोन गोष्टींतून मिळवला: पुस्तकं नीट वाचली होती, आणि पुस्तकांत जे आयुष्य दाखवलं होतं ते त्यांना आतून माहीत होतं. त्यांची बाजू घेतली ती जोतीराव फुल्यांनी, १८८५ सालच्या आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकातून. त्याच वर्षी मराठी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण नाकारताना जोतीरावांनी जो सवाल केला त्याचा आशय असा होता की ज्यांच्या जगण्याचा तुमच्या ग्रंथांत मागमूस नाही, त्यांनी तुमच्या सभेला येऊन करायचं काय? पुढे ताराबाईंचं पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणलं. एका वाचकाची साक्ष इतकी वर्षं दप्तरात पडून राहिली, आणि या काळात आपण मराठी कादंबरीचे इतिहास मात्र लिहीत होतो.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. ‘मला वाटलं ते वाटलं’ म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं खरं आहे. वाचनाचा आनंद कुणाच्या परवानगीने होत नाही आणि तो सिद्ध करण्याची गरजही नाही. पण ज्या क्षणी तुम्ही तो चार लोकांसमोर लिहिता, त्या क्षणी दुसऱ्याने वेळ आणि साडेतीनशे-चारशे रुपये कुठे घालावेत याबद्दल तुम्ही बोलू लागता. तिथे जबाबदारी सुरू होते. ती पहिल्यांदा चुकते कुठे? पुस्तक उघडण्याच्याही आधी: आपण नेमकं काय वाचलं, हेच वाचकाला माहीत नसतं.

हे क्षुल्लक वाटत असेल तर १८५१ सालचं उदाहरण पाहा. हर्मन मेलव्हिलची ‘मोबी डिक’ आधी लंडनला ‘द व्हेल’ या नावाने तीन खंडांत निघाली आणि मग न्यूयॉर्कला. लंडनच्या आवृत्तीत शेवटचा उपसंहार गळला होता. त्याच उपसंहारात निवेदक जहाज बुडूनही कसा वाचला ते सांगितलेलं आहे. लंडनच्या परीक्षकांनी साहजिकच विचारलं की सगळेच मेले तर ही गोष्ट सांगतंय कोण, आणि लेखकाला साधं तंत्रही कळत नाही असा शेरा मारला. त्यांनी पाहिलं ते खरं होतं. ज्या प्रतीत पाहिलं ती प्रत अपुरी होती. आपल्याकडे एकनाथांनी ज्ञानेश्वरीवर बोलण्याआधी शके १५०६ मध्ये तिची पाठशुद्धी केली, म्हणजे प्रतींत शिरलेल्या चुका काढून मजकूर शुद्ध केला, तो याच जाणिवेतून. सामान्य वाचकाने पाठशुद्धी करावी असं कुणी म्हणत नाही. त्याने शीर्षकपानाच्या मागचं पान वाचावं, दोन मिनिटं लागतात. आवृत्ती कितवी, पुनर्मुद्रण आहे की सुधारित आवृत्ती, अनुवाद असेल तर अनुवादक कोण, अनुवाद मूळ भाषेतून की इंग्रजीमार्गे, कुठे ‘संक्षिप्त’ असा शब्द आहे का? रशियन किंवा जपानी कादंबरी इंग्रजीमार्गे मराठीत आलेली वाचून ‘लेखकाची भाषा कोरडी आहे’ असं लिहिणारा वाचक तीन माणसांच्या भाषेबद्दल एकदमच बोलत असतो आणि त्यांतल्या दोघांची नावंही घेत नाही. ऐकून संपवलेल्या पुस्तकाचं आणखी वेगळं. तिथे आवाज देणारा कलावंत प्रत्येक वाक्याला आपला सूर लावतो, आणि लेखकाने मोकळा सोडलेला उपरोध किंवा कारुण्य तो आधीच ठरवून टाकतो. ऐकलं असेल तर ऐकलं म्हणावं, आणि पानाऐवजी प्रकरण सांगावं. अर्ध्यावर सोडलेल्या पुस्तकाबद्दलही लिहायला हरकत नाही, कुठल्या पानावर सोडलं ते लिहिलं की झालं. चारशे पानांच्या कादंबरीतल्या साठाव्या पानावर सुटलेला हात ही सुरुवातीबद्दलची चांगली साक्ष आहे, शेवटाबद्दलची नाही.

दुसरी चूक वेळेची. शेवटचं पान मिटल्याबरोबर लिहिलेली प्रतिक्रिया शेवटाचीच असते. शेवट जमला तर मधली शंभर रटाळ पानं माफ होतात, फसला तर मधली उत्तम प्रकरणंही बुडतात. यावर जुना उपाय आहे आणि तो अजूनही सगळ्यात चांगला: वाचताना पेन्सिल हाताशी ठेवावी, जिथे काहीतरी झालं त्या पानाचा आकडा आणि दोन शब्द शेवटच्या कोऱ्या पानावर किंवा चिठ्ठीवर टिपावे, ‘८७ – इथे बापाची बाजू पटली’, ‘१२० – कंटाळा’, एवढेच. लिहायला आठवड्याने बसावं आणि बसताना आधी टिपणं न पाहता आठवेल ते लिहावं. मग टिपणं काढावीत. दोन्ही जुळत नाहीत तिथे खरी प्रतिक्रिया असते. जे टिपणात आहे पण आठवत नाही, ते त्या क्षणापुरतं परिणामकारक होतं. जे टिपणात नाही पण आठवडाभर डोक्यात राहिलं, ते लेखकाने तुमच्या नकळत पेरलेलं होतं. साताठशे शब्दांच्या लेखात कथानकाला शंभर-सव्वाशे शब्दांहून जास्त देऊ नयेत. कथानक लांबतं ते बहुधा सांगण्यासारखं दुसरं काही नसतं तेव्हा. मलपृष्ठावरची पाठराखण मात्र सगळं लिहून झाल्यावरच वाचावी, नाहीतर तिचे शब्द आपलेच म्हणून उतरतात.

कादंबरीच्या बाबतीत सगळ्यात मोठा गोंधळ ऐतिहासिक कादंबरीवरच्या प्रतिक्रियांत होतो, आणि महाराष्ट्रात हा गोंधळ वाचनापुरता राहत नाही, रस्त्यावर येतो. ‘पानिपत’ ही विश्वास पाटलांची कादंबरी १९८८ची. त्र्यं. शं. शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हा इतिहासग्रंथ मराठीत १९६१ला आला. कादंबरी वाचून ‘पानिपतचा इतिहास कळला’ असं लिहिणारे असंख्य आहेत. कादंबरीकाराने अभ्यास केला नाही असं म्हणायचं नाही. म्हणायचं एवढंच की छावणीत रात्री दोन सरदार काय बोलले ते कुणी टिपून ठेवलेलं नव्हतं. बखरीतले संवाददेखील बखरकाराचे असतात. वाचक म्हणून तुम्ही सांगू शकता की उपाशी छावणीचं वर्णन तुम्हाला कुठल्या तपशिलामुळे खरं वाटलं, बाजारबुणग्यांची गर्दी कादंबरीने कशी हलवली, कुठला माणूस नुसता पुतळा राहिला. ‘भाऊ असे होते’ हे तुम्ही सांगू शकत नाही, ‘या कादंबरीतले भाऊ असे आहेत’ एवढंच सांगू शकता. हा फरक पाळला असता तर आपल्या सार्वजनिक जीवनातली निम्मी भांडणं झाली नसती असं मला मनापासून वाटतं.

याची दुसरी बाजू आत्मकथनांत दिसते. १९७८ साली ‘बलुतं’ आलं. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार या लेखकाला सांगतो, म्हणजे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसवलेले आहेत. ही रचना त्या पुस्तकाचं मर्म आहे. लिहिता-वाचता झालेला माणूस आपल्याच मागच्या आयुष्यापासून किती तुटला, हे ती रचना सांगते. पण दलित आत्मकथनांवरच्या कित्येक प्रतिक्रिया ‘वाचताना डोळ्यांत पाणी आलं’ इथेच सुरू होतात आणि तिथेच संपतात. त्यांत रचना नाही, भाषा नाही, लेखकाने स्वतःला कुठे सोडलं नाही तेही नाही. आहे तो फक्त वाचकाचा चांगुलपणा. दुसऱ्याचं दुःख वाचून लिहिलेल्या लेखात लिहिणाऱ्याचंच मन नायक होऊन बसतं, यापेक्षा मोठा अन्याय त्या पुस्तकावर कुठला? याच्या उलट, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाला विजय तेंडुलकरांनी जी प्रस्तावना लिहिली तिच्यात आपलं जग आणि या कवितेचं जग यांतलं अंतर झाकलेलं नाही. न कळलेल्या शब्दांचे अर्थ कवीकडून समजून घेतल्याचं ते उघड सांगतात. साक्षीदार कुठे उभा आहे ते तिथे पहिल्याच पानांत कळतं, आणि म्हणून पुढे तो जे सांगतो त्याला वजन येतं.

सामान्य वाचक अभ्यासकाच्या पुढे जातो अशी एक जागा आहे आणि या वादात तिचा उल्लेखही होत नाही. ती म्हणजे त्याचा धंदा. समजा ऊसतोड मजुरांवरची एखादी कादंबरी आहे आणि तिच्यात नायक संध्याकाळी दिवसाची मजुरी हातात घेऊन मुकादमाला शिव्या देत फड सोडून निघून जातो. शहरातला समीक्षक या प्रसंगातल्या बंडखोरीवर लिहील. बीड जिल्ह्यातला वाचक सांगेल की ही मजुरी टनावर असते, हिशेब नवराबायकोच्या जोडीचा म्हणजे ‘कोयत्या’चा असतो, हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटल्याशिवाय माणूस असा सहज निघून जाऊ शकत नाही. हा नुसता तपशिलाचा दोष नाही. उचल हीच या जगण्यातली बेडी आहे, आणि बेडी न दाखवता बंड दाखवलं तर कादंबरीचा कणाच मोडतो. गिरणीत काम केलेला माणूस गिरणीवरची कादंबरी वाचतो, परिचारिका इस्पितळाची गोष्ट वाचते, तलाठी सात-बाराच्या भांडणाची कथा वाचतो, तेव्हा त्यांच्याजवळ असं काही असतं जे कुठल्याही समीक्षकाला ग्रंथालयात मिळणार नाही. मात्र इथेही एक पथ्य आहे. चूक सापडली की कादंबरी बाद, असं होत नाही. बोरीचा हंगाम एका महिन्याने चुकला तर काही बिघडत नाही. विचारायचं ते हे, की या चुकीवर कथानकाचा भार आहे का? भार असेल तर ती चूक साहित्याची, नसेल तर मुद्रितशोधनाची.

वैचारिक आणि माहितीपर पुस्तकांवरच्या प्रतिक्रिया तर याहून ढिसाळ असतात, कारण तिथे वाचक उत्तम गोष्ट सांगितली की ती खरीच मानतो. कादंबरीकडून इतिहास मागणारा वाचक इथे इतिहासाकडून कादंबरी मागतो. अशा पुस्तकाची तपासणी करायला तज्ज्ञ असावं लागत नाही, तासभर पुरतो. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या प्रकरणातून एकेक ठाम विधान निवडावं आणि त्याची तळटीप कुठे घेऊन जाते ते पाहावं: मूळ कागदपत्राकडे, दुसऱ्या कुणाच्या पुस्तकाकडे, वर्तमानपत्राच्या कात्रणाकडे, की कुठेच नाही? मग आपल्याला ज्यातलं कळतं त्या विषयावरचं प्रकरण आधी वाचावं. बँकेत नोकरी केलेल्याने पैशाचं प्रकरण, शेतकऱ्याने शेतीचं. तिथे लेखक घसरत असेल तर बाकीच्या प्रकरणांत तो घसरत नसेल असं मानायला आधार नाही. मराठी अनुवादांत अनेकदा मूळ पुस्तकातल्या टिपा आणि सूची गाळलेल्या असतात. पानांची बचत होते, छपाई स्वस्त पडते, आणि वाचकाच्या हातातलं तपासणीचं साधनच काढून घेतलं जातं. ‘सूची दिलेली नाही’ हे तीन शब्द प्रत्येक वाचकाने आपल्या प्रतिक्रियेत लिहायला लागायचं ठरवलं तर प्रकाशकांना पाच-दहा वर्षांत तरी ऐकावं लागेल.

ताऱ्यांबद्दल थोडक्यात. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर दोन ताऱ्यांचा अर्थ ‘ठीक होतं’ असा दिलेला आहे आणि तीनचा ‘आवडलं’. खरेदीच्या संकेतस्थळांवर दोन तारे म्हणजे तक्रार समजली जाते. एकाच खुणेचे दोन अर्थ असताना त्यांची सरासरी काढून काय कळणार? २०२३च्या जूनमध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट यांच्या येऊ घातलेल्या कादंबरीला, युक्रेनमध्ये युद्ध चालू असताना ती रशियात घडते म्हणून, शेकडो लोकांनी एक तारा दिला आणि लेखिकेने प्रकाशन थांबवलं. कादंबरी बाजारात आलेलीच नव्हती. घटना न पाहिलेल्यांनी साक्ष दिली, आणि ती मोजली गेली. उलटा प्रकारही जुना आहे. २००४ साली अ‍ॅमेझॉनच्या कॅनडातल्या संकेतस्थळावर बिघाडामुळे निनावी अभिप्राय देणाऱ्यांची खरी नावं उघडी पडली, तेव्हा काही लेखक स्वतःच्याच पुस्तकांना पाच तारे देत होते असं दिसलं. म्हणून पुस्तक विकत घेतलं, ग्रंथालयातून आणलं की प्रकाशकाने पाठवलं, लेखक ओळखीचा आहे का, हे प्रतिक्रियेच्या वरच लिहायला हवं. भारतातल्या जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी (इन्फ्लुएन्सर्ससाठी) नियम केले, त्यांत फुकट मिळालेली वस्तूही उघड करायला सांगितलं आहे. साबणाला जो नियम लागतो तो पुस्तकाला लागू नये असं म्हणणारा पुस्तकाचा मान वाढवत नाही.

एक आक्षेप राहतो आणि तो गंभीर आहे. इतकी पथ्यं सांगितली तर साधा वाचक लिहायचंच सोडून देईल, आणि पुन्हा मैदान अभ्यासकांनाच मोकळं होईल. हे भय मला खोटं वाटत नाही. पण यांतलं कुठलंही पथ्य पदवी मागत नाही, परिभाषा मागत नाही, इंग्रजी मागत नाही. पान क्रमांक लिहायला काय शिक्षण लागतं? आणि लोकांना लिहायचं असतंच. सार्वजनिक ग्रंथालयातली जुनी कादंबरी उघडा, समासात पेन्सिलीने ‘खोटं!’, ‘हे आमच्या गावी घडलं आहे’, ‘पुढचं पान फाडलंय’ असं लिहिलेलं सापडतं. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये हे खरंच. पण ती भूक खरी आहे आणि तिला जागा दिली गेली नाही हेही खरं.

ही जागा देता येते. महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांतली सार्वजनिक ग्रंथालयं गावोगाव आहेत आणि दरवर्षी पुस्तकखरेदी करतात. ती खरेदी करताना वाचकांचं मत क्वचितच समोर असतं. प्रत्येक कादंबरी आणि वैचारिक पुस्तकाच्या शेवटी, जिथे पूर्वी तारखेची चिठ्ठी डकवत, तिथे एक जाड कार्ड ठेवावं. त्यावर चारच रकाने असावेत: किती वाचलं, कुठल्या पानावर काय झालं, आपल्या माहितीतलं काय पटलं किंवा खटकलं, आणि पुस्तकात टिपा-सूची आहेत का. नाव नको, फक्त सभासद क्रमांक, तोही ग्रंथपालाच्या वहीत. कार्डावर भांडणं होतील, जातीवरून आणि पक्षावरून शेरे पडतील, हे धरूनच चालावं. ग्रंथपालाला त्यासाठी एकच नियम पुरेसा आहे: ज्या नोंदीत पान क्रमांक नाही ती खोडायची, मग ती स्तुतीची असो की शिवीची. खरेदी समितीच्या बैठकीत याद्यांसोबत ही कार्डंही टेबलावर यावीत, आणि पुस्तक जीर्ण होऊन बाद करायची वेळ आली की पुस्तक रद्दीत घालण्याआधी कार्ड काढून वेगळ्या खोक्यात ठेवावं.